नाशिकला वाईन चाखायला येताय? मग दोनच वायनरी करा

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग, त्यामुळे थॉमसन, सोनाका या जाती, भुरी, डावणी हे वेलीचे रोग, गोडी छाटणी, हे शब्द बाराखडीच्या आधी कानावर पडलेले, पण वाईनचा पहिला घोट मी घेतला तो लग्नानंतर, नाशिक शहरात राहायला आल्यावर, आणि खरं सांगते, तोंड वाकडं झालं होतं. आता गेली बरीच वर्षं उलटंच झालंय, पुण्या-मुंबईचे नातेवाईक जानेवारी लागला की फोन करतात, "ताई, येतोय गं आम्ही, वायनरी दाखव". आणि प्रत्येकाचा प्लॅन सेम, सकाळी निघायचं, दिवसात चार-पाच वायनरी उरकायच्या, रात्री परत. मी आधी होला हो करायची, आता सरळ सांगते की दिवसाला दोन, त्याच्या वर नाही. का ते खाली येईलच.

हे सगळं पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना आधीच सगळं येतं त्यांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

कधी यायचं

जानेवारी ते मार्च. बाकी वर्षभर वायनरी चालूच असतात, पावसाळ्यात गंगापूर धरणाकडचा हिरवा परिसर बघायला मस्त वाटतं, पण तेव्हा वेलीवर द्राक्षं नसतात आणि पाव्हणे विचारतात "अगं द्राक्षं कुठायत?" तर त्याचं असं आहे की युरोपात थंडीत वेल झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती नवीन काडी तयार व्हायला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. म्हणजे पावसात माल सडायची भीती नको आणि मण्यांत पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागतात, ते नेमकं थंडीत, दिवसा ऊन आणि रात्री गारठा. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे रात्री बऱ्यापैकी गार होतात आणि द्राक्षात गोडीबरोबर आंबटपणा टिकतो. तो आंबटपणा नसेल तर वाईन म्हणजे नुसतं सरबत.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी काही ठिकाणी इतकी गर्दी असते की चाखणी कमी आणि सेल्फीच जास्त. आणि कॅलेंडर बघून या हो! आमचे एक भाऊजी लाँग वीकेंड धरून सहकुटुंब आले ते बरोब्बर २६ जानेवारीला, ड्राय डे. पोरांनी बागेत फोटो काढले, मोठ्यांनी कॉफी प्यायली, आणि संध्याकाळी आमच्याकडे पिठलं-भाकरी. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरचंही तेच, शिवाय निवडणुका असल्या की मतदान संपेपर्यंतचे ४८ तास बंद.

कुठे जायचं

ढोबळमानाने तीन दिशा लक्षात ठेवा, म्हणजे उगाच इकडून तिकडे गाडी फिरत नाही.

पहिली, गंगापूर धरणाची बाजू, शहरापासून अर्ध्या तासात. इथे सुला आहे, पुढे गंगावऱ्ह्याच्या बाजूला यॉर्क आणि सोमा. पहिल्यांदा येणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. सुलाचं नाव परदेशी वाटतं पण ते राजीव सामंत यांच्या आईच्या नावावरून, सुलभा. अमेरिकेतली नोकरी सोडून ते इथे आले, १९९९ मध्ये कंपनी सुरू झाली आणि २००० साली पहिल्या वाईन बाजारात आल्या, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ, दोन्ही पांढऱ्या. तेव्हा आमच्या भागातले बागायतदार हसले होते, आमचे आप्पाही त्यात आले, "असली बारकी, जाड सालीची, बियांची द्राक्षं कोण घेणार?" यॉर्क लहान आहे आणि आता तीही सुलाकडेच गेलीय, पण धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त बघायचा तर तिथून.

दुसरी, इगतपुरीची बाजू, संजेगाव. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा दोन्ही तिकडे. मुंबईहून कारने येणाऱ्यांना हे नाशिकच्या आधीच लागतं, घोटी सोडलं की आत वळायचं. शांत, डोंगर, मुकणे धरणाचं पाणी. व्हॅलोने छोटी वायनरी आहे आणि अशा ठिकाणी माहिती देणाऱ्याला प्रश्न विचारले तर तो घाईत नसतो, हे मला फार आवडतं.

तिसरी दिंडोरी. शांदोनची बुडबुड्यांची वाईन इथेच बनते, शँपेन बनवणाऱ्या फ्रेंच मंडळींचीच ही कंपनी, आणि गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना बागाच बागा. पण सगळ्याच वायनरी रोज सगळ्यांना उघड्या नसतात, फोन करूनच जा.

नाशिक सोडून विचाराल तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्राटेली आहे. इटालियनमध्ये फ्राटेली म्हणजे भाऊ, आणि खरंच तिथे इटलीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील भाऊ असे मिळून काम सुरू झालं. तिथली सांजिओव्हेजे नावाची लाल वाईन जरूर घ्या. त्यासाठी मुक्कामाचा वेगळा प्लॅन करा, नाशिकला जोडून होत नाही.

यायचं कसं आणि गाडी कोण चालवणार

मुंबईहून रेल्वे बेस्ट, नाशिकरोडला उतरायचं आणि दिवसभरासाठी गाडी ठरवायची. पुण्याहून २१० किलोमीटरच्या आसपास, स्वतःची गाडी आणली तर एकजण न पिणारा हवा, आणि "मी दोनच घोट घेतले" हे चालत नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, साध्या बियरच्या दुपटीहून जास्त, आणि ती सहज उतरते म्हणून कळत नाही. ड्रायव्हर ठरवलेला असेल तर त्याच्या जेवणाचं पण बघा, तो बिचारा पार्किंगमध्ये बसून असतो.

ओळखपत्र ठेवा. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं. आणि कागदोपत्री आपल्याकडे प्यायलासुद्धा परवाना लागतो हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

आता चाखणी

दोन वायनरींचा हट्ट कशासाठी ते आता सांगते. एका चाखणीत पाच-सहा वाईन देतात, प्रत्येक साधारण ३० मिली, म्हणजे एका ठिकाणी एक मोठा ग्लास तर झालाच. आमच्या पहिल्या ट्रिपला मावसभावाने चार वायनरी लावल्या होत्या, जेवण "पुढे बघू" म्हणत टळलं, तिसऱ्या ठिकाणी मला लाल आणि पांढरी यातला फरक रंगावरून कळत होता फक्त, आणि चौथ्या ठिकाणी घेतलेल्या महागाच्या बाटल्या घरी आल्यावर आम्हालाच आवडल्या नाहीत. जीभ थकते हो. साधारण दहा-बारा चवींनंतर ती काहीच सांगत नाही.

तर सकाळी पोटभर मिसळ खाऊ नका. नाशिकची मिसळ खायचीच आहे पण ती दुसऱ्या दिवशी, कारण तर्रीने जीभ भाजली की सगळी वाईन कडू लागते. पोहे, इडली, ऑम्लेट असलं काही खा. अत्तर, सेंट मारू नका, मग वाईनचा वास तुम्हालाही कळत नाही आणि शेजारच्यालाही. पान, तंबाखू, मिंटचं च्युइंगम बंद. अकराच्या सुमारास पहिली वायनरी, आधी फेरी आणि मग चाखणी, मग तिथेच किंवा जवळ निवांत जेवण, दुपारी चारला दुसरी.

फेरीत काय बघायचं? स्टीलच्या मोठ्या टाक्या सगळेच बघतात. तुम्ही एक विचारा, "एक मणी खाऊन बघू का?" तोडणीच्या दिवसांत बहुतेक वेळा हो म्हणतात. हा मणी आपल्या खायच्या द्राक्षाच्या निम्मासुद्धा नसतो, साल जाड, आत दोन-तीन बिया, आणि गोड किती तर खायच्या द्राक्षाची गोडी १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास आली की आपण खुश, हा २२-२४ पर्यंत नेतात. मणी दाताने फोडा, रस गिळा, आणि साल तशीच चावत राहा. आधी गोड, मग आंबट, आणि मग हिरड्या एकदम कोरड्या पडतात, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर किंवा कडक कोरा चहा प्यायल्यावर पडतात तशा. हा जो तुरटपणा आहे तो सालीत आणि बीत असतो. लाल वाईन सालीसकट आंबवतात म्हणून ती तुरट, पांढरीचा आधी रस काढून घेतात आणि साल बाजूला, म्हणून ती तशी नाही. माझ्या सासूबाईंना हे कोणी पुस्तकातून सांगितलं असतं तर त्यांनी जांभई दिली असती, पण ती साल चावली आणि लगेच म्हणाल्या, "म्हणजे लाल वाईन हे सालीचं पाणी." झालं की.

मग लाकडी पिंपांची खोली. २२५ लिटरचं ओकचं पिंप, आत गारवा, अंधार, आणि वास व्हॅनिला आणि ओल्या लाकडाचा. तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहून तो वास डोक्यात साठवा, वर गेल्यावर लाल वाईनच्या ग्लासात तोच सापडला की लहान पोरासारखा आनंद होतो.

चाखताना ग्लास दांडीला धरा, पोटाला धरला तर हाताच्या उबेने वाईन गरम होते. आधी न हलवता वास घ्या, मग ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा, पहिल्यांदा हवेत फिरवायला जाल तर शर्टवर येईल, परत वास. मग लहान घोट आणि तो तोंडात चूळ भरल्यासारखा फिरवा. गिळायची सक्ती नाही, टेबलावर थुंकायला भांडं असतं, आपल्याकडे लोकांना लाज वाटते पण वाईन बनवणारे स्वतः थुंकतातच, नाहीतर दिवसभर काम कसं करणार.

आणि वास ओळखताना त्या पाटीवर लिहिलेली ब्लॅककरंट आणि गूजबेरी सोडून द्या. मी आयुष्यात गूजबेरी खाल्ली नाही. मला सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ताजी कापलेली सिमला मिरची आणि पेरू येतो, शेनिन ब्लाँमध्ये अननस आणि थोडा मध, लाल वाईनपैकी शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी, कॅबर्नेमध्ये काळा मनुका. तुम्हाला आईच्या कपाटातला कापूर आला तर कापूर लिहा. पहिल्यांदाच असाल तर क्रम असा ठेवा की बुडबुडेवाली, पांढरी, गुलाबी, लाल, आणि गोड ती सगळ्यात शेवटी. गोडपासून सुरुवात केली की बाकी सगळ्या आंबट ढ्यँ लागतात, आणि मग लोक म्हणतात "वाईन मला सूट होत नाही".

लाल आवडली नाही तर गिल्टी वाटून घेऊ नका. आपल्या हवेत गार शेनिन ब्लाँ जास्त शोभते असं माझं प्रामाणिक मत आहे, लाल पिणारेच जाणकार हे कोणीतरी उगाच पसरवलंय.

विकत काय घ्यायचं

एका वायनरीतून दोन बाटल्या, एक तुम्हाला तिथे आवडलेली आणि एक न चाखलेली. दुकानात सहज मिळते ती तिथून वाहून नेण्यात अर्थ नाही, जी फक्त वायनरीतच मिळते ती घ्या. बाटलीवरचं वर्ष म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष. आपल्याकडच्या पांढऱ्या आणि गुलाबी वाईन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, "जुनी तेवढी भारी" हे त्यांना लागू नाही, चार वर्षांपूर्वीची शेनिन कोणी स्वस्तात देत असेल तर ती का स्वस्त आहे ते ओळखा. चांगल्या लाल काही वर्षं टिकतात. पिंपात ठेवलेल्या लालवर बहुतेक वेळा रिझर्व्ह लिहिलेलं असतं.

सुरतकडच्या मंडळींसाठी खास, सापुतारामार्गे परत जाताना डिकीत बाटल्या नेऊ नका, गुजरातेत दारूबंदी आहे आणि नाक्यावर तपासणी होते. इथेच प्या, मुक्काम करा.

आणि डिकीवरून आठवलं, माझी स्वतःची चूक. एका एप्रिलमध्ये सहा बाटल्या घेतल्या आणि पुढे त्र्यंबकला दर्शन, गाडी उन्हात चार तास. संध्याकाळी बघितलं तर दोन बाटल्यांची बुचं वर आलेली, एकीतून चिकट ओघळ, आणि आतली वाईन उकडलेल्या मनुकांसारखी. सहाही वाया. त्यामुळे खरेदी शेवटच्या थांब्यावर करा किंवा थर्माकोलचा खोका सोबत ठेवा.

घरी काय सामान लागतं

कमी लागतं. दुकानदार वीस वस्तू दाखवेल, त्यातल्या तीन घ्या. बूच काढायचा दोन टप्प्यांचा घडीचा कॉर्कस्क्रू, वेटरकडे असतो तोच, पंखवाला नको, तो बुचाचा भुगा करतो. चार ट्युलिपच्या आकाराचे साधे काचेचे ग्लास, वर निमुळते, कारण वास तिथेच अडतो. आणि उरलेल्या बाटलीला लावायला रबरी बूच, आतली हवा ओढायचा छोटा पंप मिळाला तर उत्तम. बऱ्याच बाटल्या हल्ली फिरकीच्या झाकणाच्या असतात, ते हलकं समजू नका, लवकर प्यायच्या वाईनला तेच बरं. डिकँटर, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून ओतायचं काचेचं भांडं, मी घेतला नाही, लाल वाईन अर्धा तास आधी काचेच्या जगमध्ये ओतते, काम तेच होतं.

गार करायला आइस बकेटही नको. मोठ्या पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत तयार. नुसता बर्फ घालू नका, पाणी हवंच, ते बाटलीला सगळीकडून चिकटतं. पांढरी ८ ते १० डिग्री, लाल १६ ते १८. "लाल वाईन रूम टेम्परेचरला" हे वाक्य थंड देशातलं आहे, आपल्या एप्रिलमधली रूम ३५ डिग्रीची असते, तेव्हा लालसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

बुडबुडेवाली उघडताना बाटली तिरकी धरा, तोंड माणसांपासून लांब, बूच एका हातात घट्ट आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवायची, बूच नाही. आवाज फुस्स असा यायला हवा. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, आमच्या दिराने वाढदिवसाला धाडकन उडवून ट्यूबलाइट फोडलीय.

ठेवायची जागा म्हणजे माळा नाही! घरातली सगळ्यात गरम जागा ती. कपाटाचा खालचा खण किंवा पलंगाखाली, बुचाची असेल तर आडवी, म्हणजे बूच सुकत नाही. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पांढरी दोन-तीन दिवस, लाल तीन-चार. त्याच्या पुढे गेली तर मटणाच्या रश्शात टाका, नाहीतर बेसिनला.

बरोबर काय खायचं

चीज प्लेटर वायनरीत खा, घरी आपलं जेवण काढा. तळलेली सुरमई किंवा बोंबील आणि गार सोव्हिन्यों ब्लाँ, लिंबू पिळल्याचं काम वाईनच करते. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, अळूवडी यांना किंचित गोडसर शेनिन. सुक्कं मटण असेल तर शिराझ, पण तिखट बेतानेच, कारण तिखट आणि तुरट एकत्र आले की तोंडात आग लागते. फारच झणझणीत असेल तर गुलाबी काढा, चांगली गार. चिवड्याबरोबर बुडबुडेवाली हे माझं स्वतःचं संशोधन, नाशिकचा चिवडा हवा मात्र.

शेवटचं एक, वही ठेवा. फोनमध्ये फोटो काढला की तो दोनशे फोटोंत हरवतो. आमची आत्या, वय ६८, गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदा आली, दोन वायनरी केल्या, एकूण तीन घोट गिळले असतील, बाकी सगळं भांड्यात. घरी जाताना तिने किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं मी वाचलं: "पांढरी, लांब मानेची, पेरू. बरी. गुलाबी, गोड, नको. लाल, जांभूळ, जीभ जड झाली. मटणाबरोबर बघणे. एक बाटली घेतली, श्रावणाच्या आधी संपवणे."